कडू कसाव्याच्या मुलखात काय खावं?

अ‍ॅमेझॉनच्या काठी कोलंबियाचं लेतिसिया आणि ब्राझीलचं ताबातिंगा ही शहरं एकमेकांना चिकटून आहेत. नदीत होडीने थोडं पुढे गेलं की पेरूचं सांता रोसा. तिथे जायचं ठरलं की घरचे हमखास विचारतात, जंगलात अळ्या खाऊन राहणार का? ताडाच्या खोडातली ‘मोहोहोय’ ही अळी बाजारात मिळते, लोक ती आवडीने भाजून खातातही. पण रोजच्या ताटात मासा, भात, केळं आणि कसावा असतो.

कसाव्याबद्दलचा गैरसमज अधिक पक्का आहे. कुणी म्हणतं विषारी, हातही लावू नका. कुणी म्हणतं कंदच तो, रताळ्यासारखा उकडून खावा. गोड जातीचा कंद सोलून नीट शिजवला की खाता येतो. कडव्या जातीतून मात्र घातक प्रमाणात सायनाइड सुटतं आणि नुसतं उकडणं पुरत नाही. तिकुना, उइतोतो यांसारख्या आदिवासी समाजांनी त्यावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. कंद किसायचा, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचा आणि चोथा मोठ्या तव्यावर भाजायचा. त्यातून तयार होणारा टणक, कुरकुरीत रवा म्हणजे ‘फारिन्या’. तो माशाच्या रश्श्यावर भुरभुरतात. पिळलेला रसही वाया जात नाही. बराच वेळ उकळून विष उडालं की त्याची ‘तुकुपी’ होते. रसाच्या तळाशी बसणारं सत्त्व तर आपल्या ओळखीचं: उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून होतो. हे ज्ञान ज्यांनी घडवलं, त्यांच्या जेवणाला ‘रानटी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

लिंबाच्या रसात मासा ‘शिजतो’, म्हणून सेविचे हा कच्च्या माशाचा पदार्थ निर्धोक, हाही समज चुकीचा. आंबटपणाने मांस पांढरं पडतं, पण त्यातले परजीवी मरतीलच असं नाही. गोड्या पाण्यातला मासा शिजलेलाच मागावा. पिरारुकू हा महाकाय मासा श्वासासाठी पाण्यावर येतो, त्यामुळे सहज मारला जातो. विणीच्या काळात त्याच्या शिकारीवर बंदी असते. तेव्हा तो नदीतला की तळ्यात पाळलेला, हे विचारून मगच घ्यावा.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मात्र ‘कार्ने’ म्हणजे मांस नको एवढंच सांगितलं तर कोंबडी किंवा मासा ताटात येऊ शकतो, आणि घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस असू शकतं. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणावं. भात, तळलेलं केळं, उकडलेला कसावा सगळीकडे मिळतो. कोपोआसू या फळाचा रस जरूर प्यावा, फक्त पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं आहे ना, एवढं आधी विचारावं.