लाल मुठीमागचं शास्त्र

विमान घरी बांधता येतं, याचं आता फारसं नवल राहिलेलं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी दर वर्षी जुलैत अशा विमानांच्या रांगाच्या रांगा लागतात. येणारे-जाणारे रंग न्याहाळतात, पंखांवरून हात फिरवतात, कॉकपिटमध्ये डोकावतात. बांधणाऱ्याचं खरं कसब मात्र इंजिनाच्या झाकणाखाली असतं, आणि त्याची परीक्षा विमान बांधून झाल्यावर सुरू होते.

ही परीक्षा पहिल्या विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंना हवं तसं हलकं इंजिन कुणी बनवून देईना, तेव्हा त्यांच्या डेटनमधल्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने ते सुमारे सहा आठवड्यांत घडवलं. चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव क्रँककेस, पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून काढलेला क्रँकशाफ्ट. आज ज्याला आपण कार्बुरेटर म्हणतो तसं त्यात काही नव्हतं, थ्रॉटलही नव्हता. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरे, सिलिंडरांजवळच्या तापल्या पत्र्यावर त्याची वाफ होई आणि ती हवेत मिसळे. वेग कमी-जास्त करायचा तर ठिणगीची वेळ मागेपुढे करायची. फेब्रुवारी १९०३ मध्ये इंजिन पहिल्यांदा चाललं आणि दुसऱ्याच दिवशी बेअरिंग जाम होऊन क्रँककेस फुटलं. नवं ओतून घ्यावं लागलं. ते सुरू होताच सुमारे १६ अश्वशक्ती देई, पण थोड्याच वेळात तापून १२ वर येई, कारण गरम हवा विरळ होते आणि सिलिंडरमध्ये कमी भरते. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी आणि उष्णता जाते कुठे, हे टेलरपुढचे प्रश्न आजच्या बांधणाऱ्यापुढेही जसेच्या तसे आहेत.

मधल्या काळात मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोलने फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन विमानाला लावून दाखवलं. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. ऑशकॉशचा मेळा तिचाच. आज तिथे सर्वाधिक दिसतात ती व्हॅन्स कंपनीची आरव्ही विमानं, आणि त्यांतल्या बहुतेकांना लायकमिंगचं हवेने थंड होणारं चार सिलिंडरी इंजिन असतं. ३६० घनइंची, म्हणजे सुमारे ५.९ लिटरचं हे इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती देतं.

नवं इंजिन हळू चालवावं हा आपल्याकडे मोटारसायकलवाल्यांनी रुजवलेला समज इथे घातक ठरतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायच्या तर आतला दाब जास्त हवा. म्हणून सुरुवातीचे तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर, साध्या मिनरल ऑइलवर काढतात. जपून चालवलं तर भिंतीवर तेलाची चकचकीत पुटं चढतात, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन जन्मभर तेल पितं. सिलिंडरचं तापमान उतरलं आणि तेलाचा खप स्थिरावला, की रिंगा बसल्या असं समजायचं.

त्यानंतर पाळी येते लाल मुठीची. विमानात थ्रॉटलशेजारी मिक्श्चरची वेगळी मूठ असते, कारण वर हवा विरळ होत जाते. आठ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त घटलेली असते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण रिच होतं, प्लगवर काजळी धरते, इंधन वाया जातं. मूठ मागे ओढत गेलं की पेट्रोल कमी होऊन मिश्रण लीन होतं आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. एका बिंदूला ते शिखर गाठतं आणि मग उतरू लागतं. एक्झॉस्टच्या आकड्याला स्वतःचं मोल फारसं नाही, तापमापी नळीत इंचभर इकडे-तिकडे बसली तरी तो बदलतो. महत्त्व आहे ते शिखरापासून आपण किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला आहोत याला.

खरी मेख इथे आहे. चार सिलिंडर म्हणजे चार वेगळी इंजिनं. पंगतीत वाढपी घाईत असला की कुणाच्या पानात जास्त पडतं, कुणाच्या कमी, तसंच पेट्रोलचं होतं. शिखराच्या रिच बाजूला शक्तीचा आलेख जवळपास सपाट असल्याने ही तफावत जाणवत नाही. लीन बाजूला तो एकदम घसरतो. तिथे थोड्याशा पेट्रोलच्या फरकाने एक सिलिंडर जोर लावतो, दुसरा मागे पडतो आणि सगळं विमान थरथरतं. वैमानिक घाबरून मूठ पुढे सारतो आणि लीन चालवल्याने इंजिन बिघडतं असं ठरवून टाकतो. माझ्या मते या समजाने जेवढं पेट्रोल वाया घालवलं आहे, तेवढं कुठल्याही यांत्रिक दोषाने घालवलं नसेल. जास्त शक्तीवर सिलिंडरला सर्वांत त्रास होतो तो शिखराच्या किंचित रिच बाजूला. शिखर ओलांडून पुरेसं लीन गेलं की सिलिंडरचं डोकं उलट थंड होतं. मात्र ७५ टक्क्यांच्या वर शिखराजवळ जायचं नाही, ही कारखान्याची मर्यादा पाळायलाच हवी.

तफावत मोजायची रीत सोपी आहे. उंचावर, ६५ टक्क्यांच्या आतल्या शक्तीवर विमान स्थिर करायचं. मूठ अगदी सावकाश मागे घ्यायची आणि प्रत्येक सिलिंडरने शिखर गाठलं त्या क्षणाचा पेट्रोलचा एकूण प्रवाह टिपायचा. समजा तिसऱ्याने ताशी ९.२ गॅलनला शिखर गाठलं आणि दुसऱ्याने सर्वांत शेवटी ८.५ ला. म्हणजे तिसरा उपाशी आहे, दुसऱ्याला जास्त मिळतंय. फरक अर्ध्या गॅलनच्या आत आला की इंजिन जुळलं म्हणायचं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल पुरवणाऱ्या इंजेक्टरमधली बारीक पितळी जेट बदलतात. तिचं छिद्र साधारण ०.७१ मिलिमीटरचं, आणि पुढच्या मापाची जेट त्याहून मिलिमीटरच्या जेमतेम ऐंशीव्या भागाने मोठी. आधी तिसऱ्याला मोठी द्यायची आणि पुन्हा वर जाऊन मोजायचं, मग गरज पडली तर दुसऱ्याला लहान. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

कारखान्यातल्या विमानाच्या मालकाला ही मुभा नाही. मंजुरी नसलेला सुटा भाग तो बसवू शकत नाही. १९९०च्या दशकात ओक्लाहोमातल्या जॉर्ज ब्रॅली आणि टिम रोएल यांनी जुळवलेल्या इंजेक्टरांना रीतसर मंजुरी मिळवली, तेव्हा कुठे बोनान्झासारख्या विमानांचे मालक लीन उडू लागले. तत्त्व मात्र जुनंच होतं. १९४४ मध्ये पॅसिफिकच्या आघाडीवर चार्ल्स लिंडबर्ग यांनी पी-३८ विमानांच्या तरुण वैमानिकांना फेऱ्या कमी, मॅनिफोल्डचा दाब जास्त आणि मिश्रण लीन ठेवायला शिकवलं. इंजिनं जळतील अशी भीती अनेकांना वाटली. प्रत्यक्षात त्या विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला.

आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि उड्डाण-चाचणीच्या परवान्यासाठी त्याहूनही पुढे वाट पाहावी लागली. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशींनी स्वतः केलं असेल तर मार्ग ठरलेला आहे: इंजिन व पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास ठराविक क्षेत्रातच उडून सगळी मापं घ्यायची. या तासांतच इंजिन जुळवलं जातं. आपल्याकडच्या बांधणाऱ्यालाही कागदांआधी हे तास मिळायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तिथे विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखलाही मूळ बांधणाऱ्याला मिळतो. विमान विकलं तरी दाखला त्याच्याकडेच राहतो, घेणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून जाणते बांधणारे कोणत्या सिलिंडरला कोणत्या मापाची जेट बसवली, कोणत्या तारखेला, किती उंचीवर काय आकडे आले, हे सगळं लॉगबुकात लिहून ठेवतात. जुनं विमान घ्यायला गेलात तर रंगाआधी ती पानं मागून घ्या.