शेतरस्त्याचा हिशेब ब्रासमध्ये करा

मावळातल्या नवलाख उंबऱ्यात आमच्या भातखाचरांपर्यंत ट्रॅक्टर न्यायचा, तर रस्ता हवाच. माझं सांगणं एवढंच, की दर विचारण्याआधी माप काढा. १० फूट रुंद, ५०० फूट लांब रस्त्यावर ६ इंच मुरूम म्हणजे २,५०० घनफूट, म्हणजेच २५ ब्रास. खाली ९ इंच दगडी सोलिंग घेतलं, तर आणखी साडेसदतीस ब्रास. रोलरखाली मुरूम दबतो, म्हणून तो मापापेक्षा जास्तच मागवावा लागतो. वाहतूक आणि रोलरचं भाडं वेगळं.

मावळात रस्ता मोडतो तो पाण्याने. पैसे कमी पडले, तर उरलेली लांबी पुढच्या वर्षी करा. पण कडेची चारी, मधला उंचवटा आणि ओघळीच्या जागी सिमेंटचे पाइप यांत काटकसर नको. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं. पाण्याची ती वाट बुजली, की शेजाऱ्याचं भात जातं.

दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४३ खाली वडगावला तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मुरुमाच्या स्वामित्वधनाची पावतीही मागून घ्या. आणि शेजाऱ्यांशी आधी बोला. ठरेल ते लिहून ठेवा. हा रस्ता पुढच्या पिढ्यांनाही वापरायचा आहे.