द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल: आधी डोस विचारा

मार्चमध्ये कुंडलला घरी गेलो की काकांचा प्रश्न ठरलेला. "आपल्या द्राक्षात कॅन्सरवरचं औषध असतं म्हणे, खरं का?" उत्तर हो-नाहीत देता येत नाही, म्हणून ही पोस्ट.

रेस्व्हेराट्रॉल मुळात आपल्यासाठी नसतंच. बुरशी लागली किंवा अतिनील किरणं पडली की द्राक्षवेल स्वतःच्या बचावासाठी ते तयार करते. लँगकेक आणि प्राइस यांनी 1976 मध्ये हे वेलीच्या पानांत दाखवलं. फळात ते मुख्यतः सालीत असतं, गरात नाही.

ते गाजलं 1997 मध्ये, 'सायन्स'मधल्या पेपरमुळे. उंदरांमधल्या त्वचेच्या गाठी त्याने कमी झाल्या होत्या. पण मेथड्स नीट वाचा: ते उंदरांना खायला घातलं नव्हतं, कातडीवर लावलं होतं! रिव्ह्यू लिहिताना आपण नेमकी हीच ओळ गाळतो. (मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये गाळली होती. गाइडने लाल पेनाने गोल केला.)

आता खाण्याचं बघू. वाटीभर, म्हणजे 160 ग्रॅम लाल द्राक्षांत साधारण पाव ते सव्वा मिलिग्रॅम मिळतं. आपली तास-ए-गणेश पांढरी, त्यामुळे हा आकडा तिला जसाच्या तसा लावू नका. गंमत म्हणजे भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांच्या वाटीभर दाण्यांतही जवळपास तेवढंच असतं. कच्च्या दाण्यांत बरंच कमी. रेड वाइनच्या लिटरमध्ये सरासरी दोनेक मिलिग्रॅम.

आणि प्रयोगात किती दिलं? 2011 च्या एका डच अभ्यासात 11 लठ्ठ पुरुषांना 30 दिवस रोज 150 मिलिग्रॅम.

बरं, पोटात गेलं म्हणजे रक्तात पोचलं असंही नाही. 2004 च्या एका अभ्यासात 25 मिलिग्रॅम तोंडावाटे दिलं. निदान 70 टक्के शोषलं गेलं, पण मूळ रूपात रक्तात नावापुरतंच सापडलं. आतडं आणि यकृत त्याला लगेच सल्फेट, ग्लुकुरोनाइड जोडून टाकतात. पेट्री डिशमधल्या पेशींवर मात्र आपण शुद्ध रेस्व्हेराट्रॉल ओततो. म्हणून नोट्सच्या तक्त्यात तीन रकाने ठेवाच: डोस किती, दिला कसा, कुणाला.

काकांना मी हिशेब करून दाखवला. सव्वा मिलिग्रॅम धरलं तरी 150 साठी 120 वाट्या, म्हणजे 19 किलो द्राक्षं. रोज.

काका म्हणाले, "म्हणजे चार किलोच्या पाच पेट्या. त्यापेक्षा शेंगा उकडायला टाक."