वाढायचं की लढायचं?

तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत का? दर वाढदिवसाला पाठ टेकून ताठ उभं राहायचं, टाचा उचलायच्या नाहीत, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि आईने रेघ मारायची. दोन रेघांमधलं अंतर साधारण पाच-सहा सेंटिमीटर भरतं. म्हणजे आठवड्याला जेमतेम एक मिलिमीटर! एवढीशी वाढ कोण मोजत बसणार?

सॅम्युअल अर्लाकर नावाचे शास्त्रज्ञ बसले. आणि तेही कुठे, तर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात, जिथे अँडीज पर्वत उतरत उतरत ॲमेझॉनच्या घनदाट वर्षावनाला भेटतो तिथे. इथे शुआर लोक राहतात. शिकार करायची, नदीत मासे धरायचे आणि जंगलात थोडी जागा साफ करून केळी आणि कसावा लावायचा. कसावा म्हणजे कोण माहीत आहे? उपासाला तुम्ही साबुदाण्याची खिचडी चापता ना, तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा. हा कंद मुळात दक्षिण अमेरिकेचाच.

शुआर मुलं अनवाणी हिंडतात, नदीत डुंबतात, बऱ्याच घरांत जमीन मातीचीच. ही माती ओली, उबदार आणि जिवंत. तिच्यात जंतांची अंडी असतात, पाण्यात नाना प्रकारचे जंतू असतात. त्यामुळे या मुलांच्या शरीरातल्या सैन्याला, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेला, सुट्टी अशी मिळतच नाही.

आता सैन्य म्हटलं की खर्च आला. अर्लाकरना नेमका हाच खर्च शोधायचा होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4 ते 11 वर्षांच्या 261 शुआर मुलामुलींची उंची मोजली, अंगावरची चरबी मोजली, रक्तही तपासलं. काही मुलांना तर आठवड्याने, तीन महिन्यांनी आणि वीस महिन्यांनी पुन्हा मोजलं. 2018 साली निष्कर्ष आला, आणि तो वाचून मी अक्षरशः थबकले. ज्या काळात मुलाच्या शरीरातलं सैन्य थोडंसं जरी जास्त कामाला लागलेलं होतं, त्या काळात त्याची वाढ 49 टक्क्यांपर्यंत मंदावली होती. जवळजवळ निम्मी! आणि ही मुलं काही अंथरुणाला खिळलेली नव्हती. हिंडती-फिरती, खेळती मुलं होती. चौकटीवरच्या रेघा अशा गुपचूप जवळ येतात.

असं का व्हावं? घरातला पगार आठवा. महिन्याला येणारे पैसे तेवढेच. त्यात अचानक छप्पर गळायला लागलं, तर नव्या सायकलचे पैसे तिकडे जातात. शरीराचंही तसंच. शिल्लक असेल तर मात्र दोन्ही भागतं. ज्या शुआर मुलांच्या अंगावर चरबी जरा जास्त होती, त्यांची वाढ फारशी अडली नाही.

पुढच्याच वर्षी या चमूने आणखी एक गंमत शोधली. 44 शुआर मुलांना त्यांनी खास पाणी प्यायला दिलं. या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड होता. मग पुढचे काही दिवस मुलांची लघवी तपासायची. हसू नका, यातूनच कळतं की शरीराने दिवसभरात किती ऊर्जा वापरली! वाटलं होतं, जंगलातली मुलं शहरातल्या मुलांपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करत असतील. पण अमेरिकेतल्या मुलांशी तुलना केली तर एकूण खर्च सारखाच निघाला. फरक वाटणीत होता. स्वस्थ पडून असतानाही शुआर मुलांचं शरीर सुमारे 20 टक्के जास्त ऊर्जा वापरत होतं. त्यातली बरीचशी त्या सैन्यावर खर्ची पडत असणार, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

मग रानातलं लहानपण वाईटच म्हणायचं का? थांबा, इतक्यात निकाल लावू नका.

तुमच्या घरात कुणाला जोराचा ताप येऊन गेला असेल, तर रक्ताच्या रिपोर्टवर 'सीआरपी' हा शब्द तुम्ही पाहिला असेल. शरीरात लढाई पेटली की रक्तातलं हे प्रथिन वाढतं. श्रीमंत देशांतल्या बऱ्याच मोठ्या माणसांमध्ये मात्र शत्रू कुणीच नसतानाही ते कायम थोडं चढलेलं असतं. जणू चूल विझवलीच नाही, धुमसत राहिली. अशा धुमसण्याचा संबंध हृदयविकाराशी लागतो. थॉमस मॅकडेड या शास्त्रज्ञांनी इक्वाडोरच्या सखल प्रदेशातल्या मोठ्या माणसांचं रक्त दर आठवड्याला, असं चार वेळा तपासलं. सीआरपी चढायचं आणि पुन्हा उतरायचं. चारही वेळा सीआरपी चढलेलं आहे, असा एकही माणूस सापडला नाही! चूल पेटली, स्वयंपाक झाला, विझली.

ही शिस्त बहुधा लहानपणीच लागते. फिलिपिन्समधल्या सेबू इथे 1983-84 मध्ये जन्मलेल्या बाळांवर मॅकडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. ज्या बाळांचा लहानपणी जनावरांच्या शेणामातीशी आणि जंतूंशी जास्त संबंध आला होता, त्यांचं सीआरपी मोठेपणी कमी निघालं. सैन्याला लवकर सराव मिळाला, की कधी लढायचं आणि कधी थांबायचं हे त्याला कळत असावं.

पण या सरावाची किंमत लहान नाही. वर्षावनात कितीतरी बाळं जुलाबाने आणि खोकल्याच्या आजारांनी दगावतात. बाहेरून आलेल्या गोवराने तर ॲमेझॉनमधल्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या आहेत. तिथल्या आयांना विचारलं, तर त्या आधी दवाखाना आणि लसच मागतील, आणि ती त्यांना मिळायलाच हवी. 'घाणीत राहिलं की माणूस बळकट होतो' असं कुणी म्हणालं, तर त्याला शुआर मुलांची ती निम्म्यावर आलेली वाढ सांगा.

शेणामाती वेगळी आणि मैला वेगळा, एवढं लक्षात ठेवा. झाडाखाली चिखलात खुशाल खेळा, कुत्र्याच्या पिल्लाला उचलून घ्या. मात्र जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा. आणि 10 फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी देतील, तेव्हा ती बाईंसमोरच चावून खा. खिशात ठेवू नका.