ऑफ-रोड जाताय? आधी सातबारा बघा!

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'उद्या कुठे?' आणि शनिवारी पहाटे एक्स्प्रेस-वेच्या फूड मॉलवर वडापाव, कटिंग आणि तीन-चार थार, एखादी जिम्नी, मागून दोन हिमालयन असा ताफा जमतो. घाट संपला की पुढची गाडी इंडिकेटर देते आणि सगळे डांबर सोडून मातीत उतरतात. धूळ, चिखल, लीव्हर 'फोर लो'वर आणि रील काढायला एक जण टेकाडावर उभा. आठवडाभराच्या मीटिंग्ज आणि डेडलाइन्सवर यापेक्षा भारी उतारा दुसरा नाही, हे मान्य!

प्रश्न एवढाच, की तो माळ कुणाचा होता?

बहुतेक वेळा उत्तर येतं, 'अरे, मोकळी जमीन आहे यार, सरकारी असेल.' म्हणजे सरकारी म्हणजे सगळ्यांची आणि सगळ्यांची म्हणजे आपली. हा फंडा गोड आहे, पण साफ चुकीचा. महाराष्ट्रात बेवारशी जमीन नावाचा प्रकार नाही. प्रत्येक तुकड्याला गट नंबर आहे आणि तो सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावावर आहे. शेतकऱ्याच्या, देवस्थानाच्या, वन विभागाच्या किंवा 'महाराष्ट्र शासन' या नावावर. गायरान असेल तर मालकी सरकारची आणि चराई गावाची. सातबारा ऑनलाइन बघायला पाच मिनिटं लागतात. हॉटेलचे रिव्ह्यू वाचायला आपण त्याहून जास्त वेळ घालवतो.

आपल्याकडे 'ऑफ-रोड परमिट' असा एकच कागद कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. जमीन बदलली की परवानगी देणारा बदलतो. खासगी जमिनीला मालकाचा होकार लागतो, आणि तो लेखी असलेला बरा. गायरानासाठी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करायची. मोठा ताफा असेल तर तहसीलदार आणि पोलीस ठाण्यालाही आधी कळवायचं. राखीव वनात विनापरवानगी घुसणं हाच १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. मग तुम्ही झाड तोडलं नाही, शिकार केली नाही, नुसती गाडी फिरवली, हे सांगून उपयोग नाही.

अभयारण्य असेल तर मामला आणखी कडक. ताम्हिणी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना... आपल्या वीकेंडच्या यादीतली अर्धी नावं अभयारण्यांचीच आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने तुम्ही बिनधास्त जाऊ शकता. चाक रस्ता सोडून रानात उतरलं, की प्रवेश-परवाना लागतो. आणि पर्यटनाचा परवाना मिळाला तरी तो ठरलेल्या वाटेचा असतो, चिखलात डोनट मारण्याचा नव्हे. २०२२च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बीचवरची थार

आता कोकण. किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात अर्धी बुडालेली एसयूव्ही, बाजूला कपाळाला हात लावलेला मालक आणि दोर घेऊन आलेले गावकरी... हा व्हिडिओ दर सीझनला नव्याने व्हायरल होतो. फक्त बीचचं नाव बदलतं.

बीचवर डांबर नाही म्हणून तिथे ट्रॅफिकचा कायदा लागू नाही, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त रस्ता नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा त्यात येते. म्हणजे लायसन्स, इन्शुरन्स, बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम, सगळं वाळूतही तुमच्यासोबत येतं. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी रेस लावली, तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि त्या भाड्याच्या एटीव्ही? पाच-दहा मिनिटांची राइड, नंबर प्लेट नाही, हेल्मेट विचारलं तर मालक हसतो. व्याख्येतून सूट आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना. रिसॉर्टच्या कंपाउंडमधल्या ट्रॅकवर हा युक्तिवाद चालेलही, पण समुद्रकिनारा हे काही बंदिस्त आवार नव्हे. बसण्याआधी आरसी आणि विमा विचारा. कुणाला ठोकर लागली, तर हँडल तुमच्या हातात असणार आहे.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र वाळूच्या खाली आहे. हिवाळ्यात, म्हणजे नेमका आपला पिकनिकचा सीझन असतो तेव्हा, वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. जेमतेम दीड फूट खोल खड्डा, त्यात शंभर-सव्वाशे अंडी, वर वाळू सारखी केलेली. दिवसा तिथे काही आहे असा संशयही येत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. त्यांची लांबी? तुमच्या अंगठ्याएवढी. चाकोरीची जी खोल रेघ आपल्याला फोटोत झकास दिसते, ती त्या पिल्लासाठी खंदक असते. ते समुद्राकडे जाण्याऐवजी त्या चरातूनच चालत राहतं. हेडलाइटने दिशा चुकते, ती वेगळीच. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने वेळासला कासव संवर्धन सुरू केलं. तेव्हापासून गावोगावचे लोक पहाटे उठून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात हलवतात. पण पहाटेच्या फेरीच्या आधीच घरट्यावरून गाडी गेली असेल तर? ऑलिव्ह रिडले कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेतही कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वात संवेदनशील गटात आहेत.

सड्यांचंही तसंच. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे, की उन्हाळ्यात ते ओसाड मैदान वाटतं. फुलांच्या बिया आणि कंद त्याच थरात झोपलेले असतात. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. नाव नसलेले असे सडे मात्र कितीतरी आहेत, आणि आपले ताफे नेमके तिथेच जातात.

मग करायचं तरी काय?

डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये ट्रॅफिक टाळण्यासाठी एकाने थार थेट चंद्रा नदीत घातली. व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी ३,५०० रुपयांचं चलन फाडलं. लाखोंच्या गाडीच्या मालकाला ही रक्कम म्हणजे वीकेंडच्या डिनरचं बिल. आपली गोची इथेच आहे. 'नाही' सांगणारी कलमं भरपूर, वचक बेताचा, आणि 'हो, इथे चालवा' असं सांगणारी जागाच नाही.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल सँड ड्यून्समध्ये मामला उलटा आहे. जमीन केंद्र सरकारची. १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या सीझनमध्ये पैसे भरून परमिट घ्यायचं. गाडीला आठ फुटी काठीवर झेंडा लावायचा, म्हणजे टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसता. तंबूंजवळ वेग ताशी १५ मैल. आणि हायवेच्या उत्तरेचा वाळवंटाचा मोठा भाग वाहनांना पूर्ण बंद. एका बाजूला मनसोक्त उंडारा, दुसऱ्या बाजूला पायीच फिरा. शिवाय रस्त्यावर न चालणाऱ्या गाड्यांना राज्याचा वेगळा स्टिकर लागतो आणि त्या फीमधून अशा जागांची देखभाल होते. आपल्याकडेही दोन-चार पडीक, जुन्या खाणींच्या जागा अशा आखून दिल्या, फी लावली, तर निम्मे ताफे जंगलात शिरणारच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर कायदेशीर थ्रिल हवं असेल तर खासगी ट्रॅक आणि ट्रेनिंग कॅम्प आहेत. तिथे पैसे पडतात, पण शेजारी शिकवणाराही असतो.

कारण ऑफ-रोडिंगमधले बरेच अपघात वेगाने नाही, तर अतिशय हळू होतात. उतारावर गाडी आडवी घातली की ती पलटते. चढताना दम तुटला, तर न्यूट्रल करायची नाही आणि वळवायची तर मुळीच नाही. रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे यायचं. अडकलेली गाडी ओढताना पट्टा टो-बॉलला अडकवू नका. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो. बाकीच्यांनी पट्ट्याच्या दीडपट अंतरावर उभं राहायचं, आणि हो, रील काढणाऱ्यानेसुद्धा. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण ती वाहत्या नदीसाठी आहे असं समजू नका. एटीव्हीवर हेल्मेट हवंच, आणि एका सीटवर एकच माणूस. पुढे पोराला बसवून फोटो नको.

खर्चाचं गणितही ऐकून ठेवा. इंजिनात पाणी जाऊन ते बसलं, तर साध्या पॉलिसीत सहसा भरपाई मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग पॉलिसीत वगळलेलंच असतं. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. बुल-बारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले होते. त्यामुळे लिफ्ट किट आणि जाडजूड टायर टाकण्याआधी आरटीओत विचारा, गॅरेजवाल्याला नाही.

आणि किनाऱ्यापाशी गाडी पार्क करताना तरी भरतीची वेळ बघाच. अॅप नसेल तर कोकणातल्या कुठल्याही कोळी मामांना विचारा, ते कॅलेंडरवरून सांगतील. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटीला पार्क केलेली गाडी जेवून परत येईपर्यंत पाण्यात असते, ती याच हिशेबाने.