मागील शब्दाकडे वळणारी सर्वनामे : पालितील ‘त’ आणि ‘इम’

पालि सुत्तांचे वाचन करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा पारिभाषिक शब्दांवर खिळलेले असते. ‘निब्बान’, ‘सङ्खार’ यांचा अर्थ तो कोशात पाहतो. ‘सो’, ‘तं’, ‘इदं’ यांसाठी कोश उघडण्याची गरज त्यास वाटत नाही. परंतु अर्थाची गाठ पुष्कळदा याच लहान शब्दांत असते.

एकदा उल्लेखिलेल्या वस्तूविषयी पुन्हा काही सांगावयाचे असता जो निर्देश केला जातो, त्यास संस्कृत वैयाकरण ‘अन्वादेश’ म्हणतात. पाणिनीने त्यासाठी ‘एन’ या रूपाचे स्वतंत्र विधान केले आहे. पालितही ‘एनं’, ‘नं’ ही रूपे आढळतात. एरवी ‘भिक्खु’ हा शब्द एकदा आला की पुढे ‘सो’, ‘तस्स’ एवढ्याने भागते. ‘यो–सो’ ही जोडी तर मराठी वाचकास शिकवावीच लागत नाही. आपले ‘जो–तो’ तेच काम करते.

अडचण येते ती ‘इम’ या सर्वनामापाशी. ‘त’ सामान्यतः आधी आलेल्या शब्दाकडे वळते. ‘इम’ मात्र समोरच्या किंवा लगेच सांगावयाच्या वस्तूकडेही बोट दाखविते. पटिच्चसमुप्पादाचे संक्षिप्त सूत्र पाहावे. भाषांतरात पुष्कळदा कारणासाठी ‘हे’ आणि कार्यासाठी ‘ते’ योजतात. मूळ पालित ‘ते’ नाहीच! कारणासाठी ‘इमस्मिं’, कार्यासाठी ‘इदं’. दोन्ही ‘इम’चीच रूपे. यात भाषांतरकाराचा दोष नाही. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘हे’ ठेवले, तर वाचक एकच वस्तू समजेल आणि वाक्य निरर्थक होईल. पण ‘ते’ म्हणताच कार्य दूरचे भासू लागते. ‘ते’ म्हणजे पुढील जन्मातील काय, असे वर्गात मला विचारले गेले आहे. कार्यकारणांतील कालाचे अंतर हा विचारणीय विषय खराच. परंतु त्याचा निर्णय या ‘ते’वरून करता येत नाही.

सर्वनामांच्या जागी काय घ्यावयाचे, हे सुत्तातच लगोलग अविज्जेपासून क्रमाने सांगितलेले असते. तेथे अविज्जेच्या संदर्भात जो सङ्खार ‘इदं’ असतो, तोच विञ्ञाणाच्या संदर्भात ‘इमस्मिं’च्या जागी येतो. एकाच सर्वनामाने ही अदलाबदल सहज साधते. ‘हे’ आणि ‘ते’ यांनी ती झाकली जाते. म्हणून मराठी पाठात ‘ते’ ठेवावे, मात्र मूळ शब्द ‘इदं’ आहे अशी टीप त्याखाली अवश्य द्यावी.