गिअरबॉक्सखालचं रबर बदलताना

माल पोचवायला जुनी व्हॅन घेतलेले बचत गट आता बरेच आहेत. आमच्या गटाचीही आहे. पापड, चटण्या आणि लोणच्याच्या बरण्या भरून ती आठवडी बाजाराला जाते. त्या व्हॅनच्या एका लहानशा रबरी भागापायी आमची मासिक बैठक भांडणात संपली होती. आज त्या भागाबद्दल बोलू.

गॅरेजात त्याला 'गिअरबॉक्सचं फाउंडेशन' म्हणतात, कुणी 'माउंटिंग' म्हणतं. चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन नव्हे! घरच्या मिक्सरला खाली रबरी पाय असतात. त्यातला एक निघाला की मिक्सर ओट्यावर नाचायला लागतो. गाडीचं तसंच आहे. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स. हे जड लोखंड गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलं तर सगळी थरथर आत येईल. म्हणून मध्ये रबर असतं. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर, एवढंच ते फाउंडेशन. गिअरबॉक्सचं वजन ते पेलतं आणि हादरेही गिळतं.

कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते, तिला चिरा पडतात. हे रबरही वयानं, उष्णतेनं आणि खड्ड्यांनी तसंच होतं. मग गाडी उचलताना क्लच सोडला की खालून 'धप्प' आवाज येतो. गिअरची दांडी हातात थरथरते, कधी गिअर आपोआप निसटतो. मात्र असाच आवाज इंजिनच्या फाउंडेशनमुळे किंवा मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटमुळेही येतो. म्हणून आधी मिस्त्रींना गाडीखाली बघायला लावा आणि फाटलेलं रबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आमचं इथंच चुकलं. गाडी चालवणारी ताई एकटीच गॅरेजात गेली. मिस्त्रींनी बाजारातलं फाउंडेशन बसवलं, तिनं पैसे दिले. चार महिन्यांत 'धप्प' परत सुरू. बैठकीत एकच खर्च वर्षात दुसऱ्यांदा मांडल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुणी म्हणालं, स्वस्तातला माल आणला. कुणाच्या घरून निरोप आला, बायकांना गाडीतलं काय कळतंय, विकून टाका. ताई रडकुंडीला आली.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघी गेलो, तेही दुसऱ्या गॅरेजात. तिथल्या मिस्त्रीदादांनी काढलेलं रबर हातात दिलं. ते फुगून मऊ झालेलं, तेलानं माखलेलं. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत होतं आणि थेंब थेंब तेल रबरावर पडत होतं. तेल या रबराचा वैरी आहे. तिथं कंपनीचं फाउंडेशन बसवलं असतं तरी तेही खराबच झालं असतं. दोष नुसत्या मालाचा नव्हता आणि ताईचा तर नव्हताच.

आता बाजारातल्या मालाबद्दल. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात मिळतो तो एक, आणि दुसऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं विकलेला दुसरा. हा दुसरा म्हणजे नकली नव्हे. काही कारखाने गाडीच्या कंपनीलाही पुरवतात आणि स्वतःच्या नावानंही विकतात. कंपनीच्या नावाचं खोटं खोकं छापून विकतात तो नकली. गाडी जुनी असेल तर नाव असलेल्या कारखान्याचा भाग घ्यायला हरकत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. पॉलियुरेथेनची कडक फाउंडेशनही मिळतात. ती तेलाला चांगली टिकतात, पण थरथर जास्त आत सोडतात. बरण्या नेणाऱ्या गाडीला साधं रबरच बरं.

काम मिस्त्रींचंच, आपण बाजूला उभं राहून बघायचं. गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट लावलेली, सायलेन्सर गार झालेला. गाडी उचलली असेल तर ती घोड्यांवर टेकवलेली हवी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मिस्त्रींनाही नाही. मग गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक येतो, वर लाकडी फळी ठेवून. तो ऑइलच्या चेंबरला लावायचा नाही, पत्रा चेपतो. गिअरबॉक्सचं वजन जॅकवर आलं की बोल्ट सोडून जुनं फाउंडेशन काढतात.

नवं लगेच बसवू देऊ नका. जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवा. भोकांमधलं अंतर आणि भोकांचा आकार सारखा हवा. उंचीही बघा, पण जुनं रबर दबून बसलेलं असतं, त्यामुळे थोडा फरक चालतो. फरक जास्त असेल तर गिअरबॉक्स तिरका बसेल आणि शाफ्ट थरथरेल. नव्यावर बाण असेल तर दिशा विचारा. भोक जुळत नाही म्हणून कानस हातात घेतली, तर सरळ दुकानात परत पाठवा.

सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवून घेतात. मग जॅक हळूहळू उतरवून वजन रबरावर बसू देतात आणि शेवटी टॉर्क पान्यानं, त्या गाडीसाठी दिलेल्या मापाइतकं आवळतात. आधीच करकचून आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. आमच्या गाडीत त्याआधी ऑइल सील बदललं, गिअर ऑइल भरलं आणि आजूबाजूचं तेल पुसून घेतलं.

नंतर ताईनं गाडी गावाबाहेरच्या चढावर नेऊन आणली. तिघी मागे बसलो होतो. आठ दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासून घेतले.

बिलावर कारखान्याचं नाव, पार्टचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, जुना भाग मागून घ्या. आमचा आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवला. हातोहात फिरला, सगळ्यांची बोटं तेलकट झाली आणि खर्च मंजूर झाला. पुढच्या भागात गाडीच्या विम्याचे कागद वाचू, तेवढे शोधून ठेवा.